आवाज बंद, नऊ सेकंद

हॅसलशॉ, लँकेशायर
४ मार्च १९८४

रोलंड,

'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही. एकोणतीस वर्षांपूर्वी लिहीत होते, तेवढं पुरे झालं.

अक्षर ओळखलंस का? नसेल तर आधी खालची सही बघ, मग खुर्चीत नीट बस आणि पुढचं वाच. तुझा लेख परवा माझ्या हातात पडला. मी इथल्या ग्रंथालयात आहे, त्यामुळे साप्ताहिकं आधी माझ्यासमोरच उघडतात. पान उलटलं तर तू! केस पांढरे झालेत, शोभतात. हनुवटीखाली हात घेऊन मोठ्या विचारात बसला आहेस आणि वर मथळा, 'नऊ सेकंद, ज्यांनी टेलिव्हिजनवरचं नाटक बदललं'.

मी उभ्या उभ्याच वाचलं. तू म्हणतोस, १९५५ साली 'आतली कडी' लिहिताना तू ठरवून, विचार करून, शेवटच्या प्रवेशात नऊ सेकंदांची शांतता ठेवलीस. बाई ओठ हलवते आणि आवाज फुटत नाही. 'शब्दांवर विसंबू नये हे मी तिथे शिकलो,' असंही म्हणतोस.

ठरवून! विचार करून! मी इतक्या मोठ्याने हसले की वाचत बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला 'शू' केलं. ग्रंथपालाला!

तू विसरला असशील म्हणून सांगते. तेव्हा नाटक थेट जायचं. रविवारी संध्याकाळी एकदा, आणि गुरुवारी तीच मंडळी पुन्हा उभी राहून तेच नाटक पुन्हा करायची. चुकलं तर चुकलं, सगळ्या देशासमोर. म्हणून कॅमेऱ्यांच्या मागे संहिता घेऊन एक प्रॉम्प्टर बसायची आणि तिच्या हातात एक बटण असायचं. नट अडखळला की बटण दाबायचं, घराघरातला आवाज बंद. मग त्याला पुढचा शब्द ओरडून सांगायचा आणि बटण सोडायचं. लोकांना वाटायचं, आपलाच टीव्ही खरखरला. त्या रविवारी ती प्रॉम्प्टर कोण होती, रोलंड? ती बाई झालेल्या आयरिस कॅल्डर तर अडखळल्या नव्हत्या. त्यांनी वाक्य खणखणीत म्हटलं होतं. मग आवाज कुणी बंद केला, आणि का? हे तुझ्या लेखात शोधलं. माझं नाव नाही. 'एक सहायक' म्हणूनही नाही.

आई गेली. फेब्रुवारीच्या नऊ तारखेला. तिच्या दफनाच्या दिवशी मला एक गोष्ट कळली. ती आज सांगत नाही. आधी तू थोडा भाजून निघ.

लेखाच्या शेवटी लिहिलंय, नाटकाचं चित्रण कुठल्याशा कपाटात सापडलं आणि २८ एप्रिलला लंडनला जाहीरपणे दाखवणार आहेत. तू बोलणार आहेस. फार छान. तर माझं मागणं एवढंच. त्या दिवशी मंचावर उभं राहून सांगायचं की ती शांतता म्युरिएल नटॉलने केली, तिने का केली, आणि त्यासाठी तू तिला त्याच संध्याकाळी कामावरून काढलंस. तू सांगितलंस तर मी घरी बसेन. नाही सांगितलंस तर येईन.

म्युरिएल नटॉल


१५ मार्च १९८४

रोलंड,

उत्तर पोचलं. जाड कागद, वर तुझं नाव छापलेलं, आणि सुरुवात 'माझी म्युरी'! तुझी म्युरी मेली रे, कधीच. तिला उकरून काढू नकोस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. 'इतक्या वर्षांनी आठवणी दगा देतात.' 'ते वाक्य मी तसंही काढणारच होतो.' आणि कळस म्हणजे, तू मला पुढच्या रांगेतली खुर्ची देणार आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेत 'तांत्रिक साहाय्य' म्हणून माझं नाव छापणार. वा रे वा! घर लुटायचं आणि जाताना घरमालकिणीला तिचीच एक वाटी भेट द्यायची.

माझी आठवण दगा देत नाही. तपासून घे.

त्या वर्षी मे महिन्यात आपण नदीकाठच्या बाकावर चिप्स खात बसलो होतो. महिन्यापूर्वीच साखरपुडा झाला होता. तू विचारलंस, 'तुझे वडील कसे गेले?' मी सगळ्यांना सांगायचे तेच सांगितलं. युद्धात बॉम्ब पडला, तळघराच्या दाराची कडी अडकली, त्यांना आत येता आलं नाही. तू माझा हात धरलास आणि म्हणालास, 'आणि खरं काय?' कुठून कळायचं तुला, देव जाणे. ते एक कसब तुझ्याकडे होतंच. मग मी सांगितलं. नऊ वर्षांची होते मी. बाबा पिऊन आले होते. हवाई हल्ल्याचा भोंगा व्हायच्या आधी त्यांनी आईला पट्ट्याने मारलं होतं, आणि भोंगा झाल्यावर आई मला घेऊन तळघरात उतरली. ते वरून दार ठोकत होते आणि आईने कडीवर हात ठेवला होता. कडी अडकली नव्हती. मी तिचा हात बघत होते. सगळ्या गल्लीत हे दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्या दिवसापासून तिघांना. पहिली चुगली माझीच, हे मी नाकारत नाही. रोज सकाळी उठून मान्य करते.

सप्टेंबरात तू संहिता माझ्यासमोर टाकलीस आणि लहान मुलासारखा खूश होऊन म्हणालास, 'वाच, वाच.' शेवटच्या प्रवेशात बाई शेजारणीला सांगते, 'कडी अडकली नव्हती. मी लावली होती. तो ओरडत होता आणि मी कडीवर हात ठेवून उभी होते.' माझे शब्द. स्वल्पविरामासकट माझे.

मी रडले, पाया पडायची बाकी राहिले. म्हटलं, आई हे बघणार आहे. लेक टेलिव्हिजनात आहे म्हणून तिने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय. बाकीचं नाटक राहू दे, हे एक वाक्य काढ. कडी अडकली एवढंच राहू दे. तू म्हणालास, 'काढलं, बाई, काढलं. रडू नकोस.' आणि खरंच, पंधरा दिवस तालमीत ते वाक्य नव्हतं. मी निर्धास्त झाले.

आणि रविवारी दुपारच्या रंगीत तालमीत आयरिसबाईंनी ते वाक्य म्हटलं.

मी तुझ्याकडे धावत आले. तू घड्याळाकडे बघत म्हणालास, 'त्याच्याशिवाय नाटक उभंच राहत नाही, म्युरी. समजून घे.' आईच्या घरी फोन नव्हता. तोवर ती शेजारच्या पिलिंगांच्या खोलीत खुर्ची धरून बसलेली असणार. माझ्या हातात होतं फक्त एक बटण.

दिग्दर्शकही तूच, वर नियंत्रण कक्षातून माझ्या कानात ओरडत होतास, 'सोड, सोड, मूर्ख!' मी नऊ सेकंद सोडलं नाही. वाक्य संपलं तेव्हाच बोट उचललं.

त्या संध्याकाळचा अहवाल मला स्वतःला टंकायला लावलास, आठवतं? 'ध्वनी नऊ सेकंद खंडित. दोष : प्रॉम्प्टर म्युरिएल नटॉल. तत्काळ कामावरून कमी.' खाली तुझी सही. सोमवारी लंडनच्या पेपरांनी त्या शांततेवर रकानेच्या रकाने लिहिले आणि गुरुवारी तू तीच शांतता संहितेत घातलीस. वाक्य खोडलंस, आयरिसबाईंना म्हणालास, नुसते ओठ थरथरवा. म्हणजे रविवारी जो माझा गुन्हा होता, ती गुरुवारी तुझी प्रतिभा झाली.

अंगठी मी टपालाने पाठवली होती. अहवालाची कार्बन प्रत मात्र ठेवून घेतली. ती माझ्या कपाटात आहे, आणि नाही, तुला पाठवणार नाही. 'जरा बघायला' सुद्धा नाही.

म्युरिएल नटॉल


२६ मार्च १९८४

रोलंड,

तू विचारतोस, 'एकोणतीस वर्षं गप्प होतीस, मग आताच काय झालं?' प्रश्न रास्त आहे. उत्तर देते.

मी गप्प होते कारण मी सुखी होते. हस नकोस. नोकरी गेली, तू गेलास, लंडन गेलं, पण आईची अब्रू राहिली होती. त्या मंगळवारी मी बोचकं घेऊन घरी आले तेव्हा आईने चहा ठेवला आणि म्हणाली, 'छान झालं नाटक. मध्ये जरा आवाज गेला.' मग थोड्या वेळाने, 'ते बटण तुझ्याकडेच असतं ना?' मी हो म्हटलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मी मनात म्हटलं, सौदा झाला. माझं गेलं आणि तिचं वाचलं.

त्या बळावर मी तुझी एकूण एक नाटकं बघितली. थेट गेलेली, मग टेपवर घेतलेली, मग स्टुडिओ सोडून खऱ्या रस्त्यावर चित्रित केलेली. त्यातल्या निम्म्या टेपा स्टुडिओने पुसून वर दुसरं काहीतरी चढवलं, तेव्हा मला वाईटसुद्धा वाटलं होतं. नाटकं चांगली होती. हे लिहिणं जिवावर येतं, पण होती.

आता दफनाच्या दिवसाचं सांगते. सगळे गेल्यावर बेसी मावशी मागे थांबली. बेसी पिलिंग, जिच्या खोलीत त्या रविवारी आई बसली होती. आता एकोणऐंशीची आहे. हॅमच्या सँडविचची ताटली मांडीवर घेऊन बसली होती, खात काही नव्हती.

ती म्हणाली, 'म्युरिएल, तुला एक सांगायचंय. तुझ्या आईने शपथ घातली होती, पण आता ती गेली.'

'काय गं?'

'त्या नाटकात आवाज गेला ना, तेव्हा खोलीत आम्ही आठ जणी होतो.'

'मग?'

'पोरी, आठही जणी विणकरणी.'

मला अजून कळेना. अशी कशी मी, रोलंड! विणकरणीच्या पोटी जन्मले आणि मला कळेना! मावशीने ताटली खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. मग म्हणाली, 'मी काय म्हटलं?'

'सँडविच घे, म्हणालीस.'

'हां.'

तुला दक्षिणेतल्या माणसाला सांगावं लागेल. आमच्या गिरणीत एका छपराखाली चारशे माग चालायचे. तिथे देव जरी बोलला तरी ऐकू आलं नसतं. बायका वयाच्या तेराव्या वर्षापासून ओठांवरून बोलणं वाचायच्या. या टोकाची त्या टोकाला नवऱ्याच्या तक्रारी सांगायची आणि सगळं मागखातं हसायचं. चर्चमध्ये, बसमध्ये, रस्त्याच्या पलीकडून, सगळीकडे तेच. मलाही येतं. आणि मी त्या गल्लीपासून एक वाक्य लपवण्यासाठी आवाज बंद केला, आणि पडद्यावर आयरिसबाईंचा चेहरा तेवढा मोठा ठेवून दिला! आवाज असता तर एखादी खोकली असती, एखादीने चहा ओतला असता. आवाज गेला म्हणून आठही जणींनी माना पुढे करून ओठच बघितले.

लंडनच्या टीकाकारांना शांतता ऐकू आली. आमच्या गल्लीने शब्द न् शब्द वाचला.

'मग?' मी विचारलं. 'आई?'

'तीही विणकरीण. तिनेही वाचलं. आणि आम्ही वाचलं हेही तिने बघितलं. मी उठून टीव्हीला दोन थपडा मारल्या, म्हटलं मेला बिघडला वाटतं. कुणी काही बोललं नाही.'

मग मावशीने सोमवारचं सांगितलं. सोमवारी गिरणीत आई आली तशा सगळ्या जणी बोलता बोलता वळल्या. पाठ करून बोलायला लागल्या. ओठ वाचणाऱ्या माणसासमोर गुपित बोलायचं तर दुसरा उपाय काय? आईला वाटलं, गल्लीने आपल्याला टाकलं. महिनाभर तिने सोसलं आणि मग तीस वर्षांची नोकरी सोडली. मला सांगितलं, गुडघे दुखतात. मी तिला गुडघ्यांना चोळायला मलम आणून दिलं!

मी मावशीवर ओरडले. 'काय बोलत होतात तिच्या पाठीमागे?'

बेसी मावशीचं तोंड वाकडं झालं. म्हणाली, 'मी म्हणत होते, त्याच्या जागी माझा नवरा टॉम असता तर मीही कडी लावली असती. आमच्यातली ॲगी म्हणाली, मी दोन लावल्या असत्या. सगळ्या हेच म्हणत होत्या गं. पण तिच्या तोंडावर कसं म्हणायचं? म्हटलं असतं तर तिला कळलं असतं की आम्हाला कळलंय.'

एकोणतीस वर्षं, रोलंड. त्यांनी तिच्यावरच्या दयेपोटी पाठ फिरवली आणि तिने ती शिक्षा म्हणून भोगली. जानेवारीत इस्पितळात तिचा आवाज पार गेला, तेव्हा मावशी तिच्याजवळ बसायची. तेव्हा कुठे मावशीने तिला हे सांगितलं. आई ओठांनी म्हणाली, 'एवढंच होतं?' आणि मग, 'म्युरिएलला सांगू नकोस. तिला वाटू दे, उपयोग झाला.'

उपयोग झाला नव्हता. म्हणून आताच, रोलंड. तू दिलेला शब्द पाळला असतास तर ती आणखी वीस वर्षं आपल्या मैत्रिणींत बसून हसली असती. मला तुझी माफी नको आहे. मंचावर, माणसांसमोर, माईकमध्ये तू ते कबूल करायला हवंस. ज्याने तिचं गुपित देशाला विकलं त्याने देशासमोरच तोंड उघडायचं.

म्युरिएल


८ एप्रिल १९८४

रोलंड,

तू फोन ग्रंथालयात करायला नको होतास. माझ्या हाताखालच्या मुली कान टवकारून होत्या. तू मध्येच फोन ठेवलास, म्हणून राहिलेलं इथे लिहिते.

तू म्हणालास, 'तुला कल्पना नाही, काय पणाला लागलंय. वरचे लोक एकेकट्या नाटकांची वेळच काढून टाकायला निघालेत. सगळीकडे मालिका हव्यात. त्या दिवशी मुख्य अधिकारी येणार आहे. त्या नऊ सेकंदांनी त्याला पटलं तर एक वर्ष आणखी मिळेल. तू माझ्यावर सूड घेशील आणि मरेल ते नाटक.'

मी म्हणाले, 'मग खरं सांग. खऱ्याने नाटक मरत असेल तर मरू दे.'

तू म्हणालास, 'म्युरी, लोकांना दंतकथा हवी असते.'

'मला माझी आई हवी होती,' मी म्हणाले, आणि तू फोन ठेवलास.

ऐक. ती नाटकं मलाही प्यारी आहेत. दर आठवड्याला नवं घर, नवी माणसं, एका बैठकीत सुरू होऊन एका बैठकीत संपणारी गोष्ट. मालिकेत माणूस या आठवड्यात नालायक ठरला तर पुढच्या आठवड्यात त्याला सावरून घेतात. एकेकट्या नाटकात ती सोय नाही. तुलाही एकच आठवडा मिळाला होता, आणि तू काय केलंस ते केलंस. त्याचा भार नाटकाच्या डोक्यावर घालू नकोस.

वर तू पत्रातही एक ओळ टाकली आहेस, ती वाचून मात्र माझं डोकं फिरलं. 'आता तुझी आई नाही, तेव्हा ते वाक्य उघड झालं तरी कुणाला दुखणार?' म्हणजे तू ते वाक्यही मंचावर वापरायच्या विचारात आहेस तर! 'मी किती भयंकर वाक्य खोडलं बघा' म्हणून टाळ्या घ्यायच्या. करून बघ.

शेवटचं विचारते. सांगणार आहेस का? उत्तर आलं नाही तर नाही असंच धरीन.

म्युरिएल नटॉल


३० एप्रिल १९८४

रोलंड,

तुझं उत्तर आलं नव्हतं. म्हणून मी आले.

तुझा तातडीचा निरोप काल मिळाला. पहिल्याच ओळीत विचारलं आहेस, 'हे कसं केलंस?' त्यात अवघड काही नव्हतं. मार्चमध्येच मी ते चित्रण दाखवणाऱ्या संग्रहालयाला पत्र टाकलं, की सापडलेल्या डब्यावर तारीख कुठली आहे? फिलिपा नावाच्या मुलीने उलट टपाली कळवलं. रविवार, सहा नोव्हेंबर १९५५. तेव्हा चित्रण घ्यायचे ते गुरुवारच्या प्रयोगाचं, म्हणून तू गृहीत धरलंस की हेही गुरुवारचंच. नुसते थरथरणारे ओठ. कुणीतरी रविवारी यंत्र तपासायला म्हणून फिल्म फिरवली होती, हे तुझ्या ध्यानीमनी नव्हतं. डबा तुझ्यासमोर महिनाभर पडून होता आणि तू वरचं लेबल वाचलं नाहीस. कधीच वाचत नव्हतास, बारीकसारीक सगळं मीच वाचायचे.

आम्ही पाच जणी होतो. त्या आठांपैकी चार उरल्या आहेत. बेसी मावशी, ॲगी फोल्ड्स आणि दोघी. सगळ्यांची वयं मिळून तीनशेच्या वर. गाडीत ॲगीने विचारलं, 'लंडनचे लोक आम्हाला बाहेर काढतील का गं?' बेसी मावशी म्हणाली, 'काढू देत की. तिकीट थोडंच काढलंय?' आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. तू आम्हाला पाहिलंस. मला पाहिलंस आणि क्षणभर तुझा हात माईकवर थबकला. तेव्हासुद्धा वेळ होती. मी मनात म्हणत होते, बोल, अजून बोल. खोटं नाही सांगत, मी वाट बघत होते.

आणि तू म्हणालास, 'आता जो क्षण येईल त्यात संहितेचं पान कोरं होतं. एकही शब्द लिहिलेला नव्हता. ती बाई काहीही बोलत नाही.'

दिवे गेले. नाटक सुरू झालं. आणि तुला सांगते, चांगलं होतं रे. मी पुन्हा नव्याने हेलावले. आयरिसबाई स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, शेजारणीकडे वळल्या, आणि आवाज गेला. सभागृह श्वास रोखून बसलं.

मी या चौघींना काहीही शिकवून आणलं नव्हतं, हे देवाशपथ खरं. मी एवढंच म्हटलं होतं की तो म्हणतो, ती काही बोलत नाही. बेसी मावशी सुरू झाली आणि बाकीच्या तिच्यात मिसळल्या, गिरणीतल्या सवयीच्या मोठ्या आवाजात, अगदी आयरिसबाईंच्या ओठांबरोबर :

'कडी अडकली नव्हती. मी लावली होती. तो ओरडत होता आणि मी कडीवर हात ठेवून उभी होते.'

आवाज परत आला. पडद्यावरची शेजारीण रडत होती आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कुणीतरी फिल्म थांबवली, दिवे लागले. तुझ्या बाजूला बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, 'कोण बोललं ते?'

'ती बोलली,' बेसी मावशी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली. 'आम्ही नुसतं वाचलं. तुम्हाला डोळे नाहीत का?'

मागून एक तरुण मुलगी ओरडली, 'पुन्हा लावा!' आणि त्यांनी पुन्हा लावलं. या वेळी सगळ्या सभागृहाने ओठ बघितले. आता ते कुणालाही वाचता येत होते. मग मी उठले आणि अहवाल वाचला, तारखेपासून सहीपर्यंत. मला वाटलं होतं माझा आवाज कापेल. कापला नाही. तुझा मुख्य अधिकारी वही मिटून निघून गेला तो मी पाहिला. त्याचं मला वाईट वाटलं, नाटकांसाठी. तुझ्यासाठी नाही.

एक गोष्ट तुला सांगण्यासारखी आहे. सगळे उठून बोलत होते, तेव्हा ॲगी फोल्ड्सने माझा दंड धरला आणि म्हणाली, 'तुझ्या आईला, हॅनाला, हे मोठ्याने सांगायला पाहिजे होतं गं आम्ही. तेव्हाच.' आणि सगळ्यांसमोर भोकाड पसरून रडली. तुझ्या टेलिव्हिजनवर इतक्या वर्षांत इतकं खरं रडणं मी बघितलं नव्हतं.

आता तुझ्या निरोपातल्या दुसऱ्या ओळीबद्दल. तू विचारतोस, 'मी जे म्हणालो ते तुला कळलं का?'

हो, मी पाहिलं. लोकांनी तुला घेरलं होतं, माईक कुणीतरी काढून घेतला होता, आणि त्या गर्दीच्या डोक्यांवरून तू थेट माझ्याकडे बघितलंस आणि आवाज न करता सावकाश काहीतरी म्हणालास. दोन की तीन शब्द. तुला वाटलं असणार, या विणकरणींच्या गोतावळ्यात आहे, वाचेल. बरोबर आहे, वाचता येतं मला. म्हणून तुझे ओठ हलायला लागले तशी मी मान खाली घालून हातमोजे चढवायला घेतले.

बेसी मावशीने मात्र सगळं बघितलं. दारापाशी आल्यावर ती म्हणाली, 'म्युरिएल, सांगू का काय म्हणाला ते?'

मी म्हटलं, 'नको मावशी. सहा वाजून दहाची गाडी चुकेल.'

म्युरिएल नटॉल